पिसवांचा आश्विन

भाद्रपद उतरणीला लागला की मुलुंड पूर्वेची हवा बदलते. मिठागरांकडून येणारा वारा ओलसरच असतो, पण अंगावर बसत नाही. दोरीवरचे कपडे एका दुपारीत वाळतात. पावसाळाभर फुगून बसलेलं न्हाणीघराचं दार पुन्हा नीट लागायला लागतं, आणि बाहेर सोसायटीच्या चौकात गरब्याच्या मांडवाचे बांबू येऊन पडतात. या दिवसांत इतरांना काय आठवत असेल ते असो. मला पिसवा आठवतात. उगाच घोट्यापाशी खाज सुटते. मी पायजमा वर करून बघतो, काही नसतं. तरी वाकून पलंगाखालची लादी एकदा न्याहाळतोच. या वेळी वाकलो तेव्हा मान वर केल्यावर समोर नात उभी होती. चार वर्षांची आहे. "आजोबा, काय हरवलं?" तिने विचारलं. काही हरवलं नाही, म्हटलं. ती जन्माला यायच्या आधीचे ते दिवस मात्र त्या लादीवरून डोळ्यांसमोर उभे राहिले.

माझी मुलगी रेवती पहिल्या बाळंतपणाला घरी आली होती. सुनंदा, माझी बायको, त्याच्या थोडं आधीच गेली होती. पहिलं बाळंतपण माहेरी असा आमच्याकडचा रिवाज. पण माहेर म्हणजे आई, आणि माझ्या घरात नुसता बाप होता. रेवतीच्या सासूबाईंनी नाशिकहून फोन करून मायेने सांगितलं होतं, "तुम्ही संकोच करू नका, आम्ही इथे सगळं करू." रेवतीने ऐकलं नाही. "मी बाबाकडे जाणार," एवढंच म्हणाली आणि बॅग घेऊन आली.

मी कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून आयुष्य काढलेला माणूस. भिंग, तराजू, तापमापक यांच्याशी माझी ओळख. बाळंतिणीचा शेक, बाळाचं तेल लावणं, डिंकाचे लाडू यांतलं मला काही येत नव्हतं. ते आक्का बघणार होती. आक्का माझी थोरली बहीण. गिरणीतल्या नवऱ्याबरोबर कणकवलीकडून मुंबईत आली आणि आता बोरिवलीला मुलाकडे राहते. इतकी वर्षं इथे काढूनही ती मालवणीच बोलते. समोरच्याने कुठल्या भाषेत उत्तर द्यायचं हा त्याचा प्रश्न.

रेवतीसाठी मी मागची लहान खोली उघडली. सुनंदा तिथे शिवणकाम करायची. ती गेल्यावर माझं त्या खोलीत काही काम नसे, म्हणून दार ओढून घेतलेलं असायचं. त्या पावसाळ्यात तर ते उघडलंच नव्हतं. मी जळमटं काढली, लादी पुसली, पलंगावर धुतलेली चादर घातली. आमचं घर तळमजल्यावर, खिडकीबाहेर पारिजातक. त्याची फुलं पडायला लागली होती आणि खोलीत त्यांचा वास येत होता. रेवती खिडकीपाशी उभी राहिली आणि म्हणाली, "छान वाटतंय रे, बाबा." मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या पोटऱ्यांवर लाल ठिपके होते. एकापुढे एक, ओळीत.

डास असतील असं वाटलं. कॉइल लावायची सोय नव्हती. रेवतीला लहानपणापासून दमा, उदबत्तीच्या धुरानेही तिचा श्वास लागतो. म्हणून मच्छरदाणी बांधली. तरी ठिपके वाढले, आता घोट्यांवरही आले. मग एका दुपारी पलंगावरच्या पांढऱ्या चादरीवर मला मोहरीपेक्षा लहान काळा ठिपका दिसला. बोट जवळ नेलं आणि तो तिथे नव्हता. उडाला म्हणावं तर पंख दिसले नाहीत, सरकला म्हणावं तर मधली जागा त्याने ओलांडलेली दिसली नाही. होता आणि नव्हता, इतकंच.

लहानपणी आईला बघितलं होतं. ती ओली साबणाची वडी वरून हलकेच दाबायची आणि पिसू साबणात रुतून बसायची. तेच केलं. पिसू सापडली. मी कपाटातलं भिंग काढलं आणि खिडकीशी बसलो.

खरं सांगायचं तर पुढचा काही वेळ मी मुलीच्या पायांवरचे ठिपके विसरलो. काय घडवलेला जीव होता तो. दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखा चपटा, चिंचोळ्या फटीतून सहज निघून जाईल असा. अंगावरचे बारीक केस सगळे मागे वळलेले, म्हणजे मांजराच्या दाट केसांतून पुढे जाताना कुठे अडकायला नको. मागचे पाय दुमडलेले, जणू आत्ता सुटतील. रंग कडक चहासारखा.

"रेवती, बघ तरी एकदा," मी भिंग पुढे केलं.

"बाबा, ती मला चावलीय," रेवती म्हणाली. "आणि तिचं कौतुक मीच करायचं?"

पण तिनेही बघितलं. बराच वेळ बघितलं.

शेजाऱ्यांचा सल्ला एकच होता, फवारणी करून घ्या. रेवतीच्या डॉक्टरबाईंनी मान हलवली. "दिवस भरत आलेत, त्यात दमा. त्या औषधांचा वास घरात राहतो. नको. दुसरं काही जमत असेल तर बघा, नाहीतर तिला दुसरीकडे हलवा."

ही बातमी आक्काला कुणी सांगितली ते कळलं नाही. संध्याकाळी ती दारात उभी होती, हातात कडुनिंबाच्या पाल्याची पिशवी.

"दिगू, असल्या घरात चेडवाक ठेवतलस?" तिने चपला काढायच्या आधीच विचारलं. "मी तिका बोरिवलीक घेऊन जातंय."

"आत्या, तुझ्याकडे आधीच जागा नाही," रेवती म्हणाली. "मी कुठे झोपू, स्वयंपाकघरात?"

"झोप माझ्या उशाक. थयसर पिसवा नाय."

मी काही दिवस मागितले. आक्काने माझ्याकडे बघितलं, पाल्याची पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "दसऱ्यापर्यंत बघतंय. मगे तुझा ऐकूचंय नाय."

आक्काकडे रेवती सुखात राहील याबद्दल मला शंका नव्हती. पण बाळंतपणाला आलेली मुलगी पिसवांमुळे घर सोडून गेली असती, तर पुन्हा कुठल्या तोंडाने तिला ये म्हणायचं, हा प्रश्न मला छळत होता. माझ्याकडे तिला देण्यासारखं ते घरच होतं.

कडुनिंबाचा पाला मी कोपऱ्याकोपऱ्यांत पसरला. दुसऱ्या दिवशी एक पिसू पाल्यावरच बसलेली दिसली. धुरी द्यायची तर रेवतीचा श्वास. म्हणून आधी समजून घ्यायचं ठरवलं. मोबाइलवर वाचलं, कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागातल्या एका जुन्या सहकाऱ्याशी बोललो, आणि जे कळलं त्याने मी चकित झालो. आपल्याला दिसते ती पिसू म्हणजे त्या सगळ्या कारभाराचा लहानसा भाग. ती जनावराच्या अंगावर अंडी घालते खरी, पण अंडी तिथे टिकत नाहीत, मिठाच्या कणांसारखी घरंगळून जमिनीवर पडतात. त्यांतून दोऱ्याच्या तुकड्याएवढ्या अळ्या निघतात. त्यांना उजेड नको असतो. त्या लादीच्या फटींत, गादीखाली, कपाटामागे जातात आणि तिथली धूळ खाऊन वाढतात. त्या धुळीत मोठ्या पिसवांनी टाकलेलं वाळकं रक्त असतं. मग अळी स्वतःभोवती चिकट कोष विणते, कोषाला घरातली धूळ चिकटते, आणि आपण समोर बघत असलो तरी तो दिसत नाही.

आणि कोषात ती थांबते. आठवडे, कधी महिने. जोवर जवळून ऊब येत नाही, श्वास येत नाही, जमीन पावलांनी हलत नाही, तोवर बाहेर पडत नाही. खोली बंद आहे, कुणी नाही, तर बाहेर येऊन खायचं काय? पावलं वाजली की मात्र ती उठते.

हे मी रेवतीला वाचून दाखवलं. "म्हणजे मी खोलीत आले म्हणून त्या उठल्या?"

"असं दिसतंय."

"इतके महिने वाट बघत होत्या आणि आले मी," ती म्हणाली, आणि पोट धरून हसायला लागली.

प्रश्न एवढाच होता की आमच्याकडे ना कुत्रा, ना मांजर. मग अंडी आली कुठून? रेवतीचे शाळेतले पांढरे लांब मोजे एका पेटीत होते. ते कसेबसे गुडघ्यापर्यंत चढवून मी घरभर फिरलो. रेवती खुर्चीवर बसून माझ्या पायांकडे बघत होती. हॉलमध्ये काही नाही. स्वयंपाकघरात काही नाही. मागच्या खोलीत पाऊल टाकलं, थोडा उभा राहिलो, आणि पांढऱ्या मोज्यांवर काळे ठिपके चढायला लागले. पलंगापाशी थोडे. खिडकीपाशी जास्त. शिलाई मशीनच्या पायडलपाशी उभा राहिलो तेव्हा रेवती म्हणाली, "बाबा, बाहेर ये. आत्ता ये."

मशीनच्या मागे, भिंतीला लागून सुनंदाचं गाठोडं होतं. ब्लाउज, परकर, झबली शिवून उरलेले कापडाचे तुकडे ती त्यात टाकायची, कधीतरी गोधडी करू म्हणून. गाठोड्याच्या मध्यावर खोलगट जागा झाली होती, कुणी तरी बसून बसून केलेली. तांबूस केस चिकटले होते. खिडकीची काच हातभर सरकलेली होती, आणि गज काही मांजराला अडवण्याइतके जवळ नव्हते. पावसाळ्यात तिथे मांजर व्यालं होतं, पिल्लं वाढवली होती आणि निघून गेलं होतं. भिंतीपलीकडे राहून मला पत्ता नव्हता. गाठोड्यातली काळी भुकटी मी ओल्या कापसावर घेतली. कापूस हळूहळू तांबडा झाला. वाळकं रक्तच होतं ते.

गाठोडं उकळत्या पाण्यात घालू, उन्हात टाकू, म्हणजे वाचेल, असा माझा विचार. मी मोठं पातेलं काढलंही. रेवती दारात उभी राहून बघत होती.

"बाबा, ठेव ते पातेलं. टाकून दे."

"अगं, तुझ्या आईचं..."

"आईने सगळ्यांत आधी हेच टाकलं असतं. तिला घाण चालायची का?" मग म्हणाली, "तिने शिवलेली झबली मी बघितलीत. तेवढं पुरे."

सुनंदाला घाण चालायची नाही हे खरंच होतं. मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत गाठोडं घातलं, तोंड घट्ट बांधलं आणि बाहेर नेलं. परत येताना जड वाटलं, पण मुलगी बरोबर होती हेही कळत होतं.

मग सुरू झाला रोजचा धडा. रेवतीला हॉलमधल्या माझ्या दिवाणावर हलवलं. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचा व्हॅक्यूम मागून आणला आणि लादीच्या फटी, कपाटाखालची जागा, पलंगाचे सांधे, सगळं ओढून काढायला लागलो. आतली धूळ लगेच पिशवीत बांधून घराबाहेर टाकायची, नाहीतर त्यातूनच त्या परत यायच्या. चादरी, पडदे, अभ्रे कढत पाण्यात. गादी गच्चीवर उन्हात, दोन्ही बाजूंनी. आश्विनातलं ऊन पहिल्यांदाच माझ्या उपयोगी पडलं. गच्चीवर गादी उलटायला गेलो की टाकीच्या सावलीत एक तांबूस मांजरी आपल्या मोठ्या झालेल्या पिल्लांना घेऊन पडलेली असायची. माझ्याकडे ती ओळख नसल्यासारखं बघायची. बहुधा तीच. प्राण्यांचं बघणारी एक मुलगी सोसायटीत यायची. तिला सांगून त्या मांजरांना औषध घालून घेतलं, आणि खिडकीला बारीक जाळी बसवली.

संध्याकाळी मागच्या खोलीत अंधार करायचा, जमिनीवर साबणाच्या पाण्याची पसरट थाळी ठेवायची आणि तिच्यावर दिवा. पिसवा उजेडाकडे, उबेकडे उड्या मारतात आणि पाण्यात पडतात. साध्या पाण्यावर त्या तरंगल्या असत्या, साबणामुळे बुडतात. सकाळी थाळी बघायला मी उत्सुकतेने उठायचो. रेवतीही "आज किती?" म्हणून विचारायची. हळूहळू त्या कमी होत गेल्या. एका सकाळी थाळीत काहीच नव्हतं आणि मी आक्काला फोन करायला निघालो. बरं झालं केला नाही. दोन दिवसांनी थाळी पुन्हा काळी झाली.

कोष. व्हॅक्यूमने अळ्या जात होत्या, अंडी जात होती, पण फटींना चिकटलेले कोष तसेच होते. त्या उठल्याशिवाय मरणार नव्हत्या. म्हणजे मलाच उठवायला हवं होतं. तेव्हा नवरात्र सुरू झालं होतं. बाहेर चौकात गरब्याचे स्पीकर लागले की आमच्या खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. ज्या संध्याकाळी गरबा रंगला त्याच्या दुसऱ्या दिवशी थाळीत पिसवा जास्त, असं मला दोन-तीनदा दिसलं. ढोलाच्या ठेक्याने जमीन हलते म्हणून त्या उठत असतील का? की नुसता योगायोग? आजही सांगता येणार नाही. पण त्यावरून मला सुचलं. मी मोजे चढवून मागच्या खोलीत जायचो आणि पाय आपटत फिरायचो. बाहेर गाणं लागलेलं असलं की त्याच्या तालावर.

आक्का एकदा अशीच न सांगता आली. दार रेवतीने उघडलं. मी खोलीत पांढरे मोजे घालून, पायजमा वर खोचून, गोल गोल नाचत होतो.

"खुळावलास काय रे?" आक्का म्हणाली.

"पिसवांना उठवतोय तो," रेवती शांतपणे म्हणाली.

आक्काने कपाळावर हात मारला. तेवढ्यात दिवाणावर बसलेल्या रेवतीच्या घोट्याकडे तिचं लक्ष गेलं. तिथे ताजा ठिपका होता. माझ्या पायजम्यावरूनच एखादी हॉलमध्ये आली असणार. दसरा उद्यावर आला होता. रेवतीने माझ्याकडे बघितलं आणि मीच म्हणालो, "जा तू आत्याकडे. मी सांगेपर्यंत येऊ नकोस." आपट्याची पानं तिने त्या वर्षी आक्काच्या घरी वाटली.

घरात मी एकटा उरलो. आता निदान एक चांगलं झालं होतं, चावायला मी सोडून कुणी नव्हतं. मी अंथरूण मागच्या खोलीत टाकलं. दिवसातून अनेकदा त्या खोलीत फिरायचो, बसायचो, पेपर वाचायचो. त्या उठायच्या, माझ्यावर यायच्या, मी साबणाने पकडायचो, उरलेल्या थाळीत. ऊब माझी, श्वास माझा, पावलं माझी. इतक्या महिन्यांत मी त्या खोलीत एवढा वेळ कधी बसलो नव्हतो. मशीनला तेल दिलं. सुनंदाची कात्री, टेप, खडू जागच्या जागी होते. बाहेर सकाळी पारिजातकाचा सडा पडायचा आणि दुपारी ऊन पलंगापर्यंत यायचं, हे मला त्या दिवसांत पहिल्यांदा माहीत झालं. पिसवांबद्दल माझा राग कधीतरी निवळला होता. त्या संपायला हव्या होत्या, आणि मी त्या संपवत होतो. पण शेवटी शेवटी एखादी मोज्यावर चढली की मी आधी भिंग काढायचो.

मग मोजे पांढरेच राहायला लागले. मी मुद्दाम खोली काही दिवस बंद ठेवली, पुन्हा उघडली, नाचलो, पाय आपटले. काही नाही. मी बोरिवलीला फोन करणार, त्या सकाळीच रेवतीला कळा सुरू झाल्या. दिवस थोडे आधीच भरले. तिथल्याच एका प्रसूतिगृहात तिला मुलगी झाली. मी पोचलो तेव्हा बाळ आक्काच्या मांडीवर होतं, आणि मला बघून आक्काने ते माझ्या हातात दिलं, बऱ्याच वेळाने.

आता बाळंतीण कुठे जाणार हा प्रश्न कुणी मोठ्याने विचारला नाही. आक्काने फक्त मला म्हटलं, "चल, तुझा घर दाखव."

तिने चपला बाहेर काढल्या आणि थेट मागच्या खोलीत गेली. मी मोजे पुढे केले. तिने ते बाजूला सारले. लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं, भिंतीला टेकून लादीवर बसली आणि उघडे पाय लांब सोडले. "चाय ठेव," म्हणाली.

मी चहा दिला. तिने तो सावकाश घेतला. मग तिथेच बसून राहिली. मी दारात उभा. ऊन खिडकीतून आत आलं, तिच्या पायांवर चढलं, उतरलं. तिच्या पोटऱ्यांवरच्या निळ्या शिरा, टाचांच्या भेगा, सगळं मी त्या दुपारी एखाद्या विद्यार्थ्यासारखा न्याहाळत होतो. कधी ती पायाने लादी आपटायची, पुन्हा थांबायची. गावाकडच्या गोष्टी सांगत होती, आमच्या आईच्या बाळंतपणांच्या. मध्येच तिचा डोळा लागला. ऊन भिंतीवर गेलं तेव्हा ती जागी झाली. पाय उचलून एकेक करून तपासले, घोटे, बोटांच्या बेचक्या, टाचा. मग हात पुढे केला आणि मी तिला उठवलं.

"हाड तिका घराक," आक्का म्हणाली, म्हणजे घेऊन ये तिला घरी. मग स्वयंपाकघरात गेली, डबे उघडून बघायला लागली, आणि आतून ओरडली, "डिंक खय आसा?"

पाचव्या दिवशी रेवती घरी आली. आक्काने दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. रेवतीने चप्पल काढली, बाळाला घेऊन सरळ मागच्या खोलीत गेली. मी तिच्या मागून, काही लागलं तर म्हणून. खिडकीखाली ऊन पडलं होतं. तिने तिथे चटई अंथरली, त्यावर दुपटं टाकलं, बाळाला खाली ठेवलं आणि केसांच्या पिना काढत न्हाणीघराकडे वळली. जाताना लादीकडे तिने एकदाही बघितलं नाही.